अण्णा आजाऱ्याला भेटायला जात नाहीत

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर एप्रिल आला की आधी पाण्याचे टँकर येतात, मागून फुलं. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत सोनमोहरांची रांग आहे. टँकर त्यांच्याखालून मागे येताना फांद्यांना घासतो आणि टपावर पिवळा सडा घेऊन पुढच्या सोसायटीत जातो. वॉचमन हिंदीत ओरडतो, टँकरवाला कन्नडात त्याच्या वरताण ओरडतो, आणि वर आमच्या बाल्कनीत अण्णा खुर्चीत बसून दोघांकडे सारख्याच आस्थेने बघत असतात. दुपार अशीच जाते. संध्याकाळी कधीतरी आभाळ भरून येतं, आंब्याच्या सरी, म्हणजे इथला वळीव, पडतात आणि लोक फोन बाहेर काढून त्यांचे व्हिडिओ घेतात.

मी मूळची नागपूरची, त्यामुळे इथल्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लग्न करून आले तेव्हा शेजारीण "फार ऊन ना?" म्हणायची आणि मला हसू यायचं. आता येत नाही. त्यात उन्हाचा काही दोष नाही. टँकरची ही घरघर, रस्त्याला चिकटून बसलेली ही पिवळी फुलं, भर दुपारी अचानक येणारा मातीचा वास, हे सगळं मिळून मला दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, अक्कांच्या खोलीत नेऊन बसवतं. तिथून उठायला मला वेळ लागतो.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई आणि अण्णा सासरे. सासूला अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणणारं हे घर सुरुवातीला मला गमतीचं वाटलं होतं. यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं की अक्का "स्वल्प मीठ घाल" म्हणाल्या किंवा "ठीक आहे"च्या जागी "सरी" म्हणाल्या तरी त्यांना ते शुद्ध मराठीच वाटायचं. उलट मी "काय करून राहिल्या?" म्हटलं की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. माझा नवरा विनय दोन्हीकडचं बोलतो आणि ऑफिसात तिसरंच काहीतरी.

त्यांचं घर शिवाजीनगरच्या बाजारामागे एका गल्लीत होतं. खाली सलीमभाईंचं मोटारसायकलच्या सीटांना कव्हर शिवायचं दुकान, वर तीन खोल्या, आणि मधे वळणाचा अरुंद दगडी जिना. फ्रिज घेतला तेव्हा तो वळणावर अडकला आणि शेवटी दोर लावून खिडकीतून वर चढवावा लागला होता. दिवसभर खालून शिलाई मशीनचा आवाज, रेक्झिनचा वास आणि बसस्टँडवरच्या कंडक्टरांची ओरड वर येत राहायची. मला त्या घरात पहिल्या दिवसापासून गुदमरायला झालं आणि पहिल्या दिवसापासून ते आवडलंही.

अण्णा फुटबॉल खेळायचे. बेंगळुरूच्या जुन्या कॅन्टोन्मेंटच्या बाजूला हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, कुठे खेळायचे, म्हणजे कुठल्या जागेवर. मलाही ते अण्णांनीच शिकवलं. लग्न ठरायच्या वेळी मी आपलं बोलायला काहीतरी हवं म्हणून "गोल किती केलेत?" असं विचारलं होतं. "एक पण नाही," ते म्हणाले होते. "मी स्टॉपर. गोलच्या पुढं उभा राहायचा माणूस. मी असताना दुसऱ्यांनी किती केले नाहीत, ते विचार." वर्तमानपत्रात फोटो यायचा तो गोल करणाऱ्याचा. अण्णा त्या फोटोंत कोपऱ्यात असायचे, बहुतेक वेळा पाठमोरे, आणि अक्का ती पाठ बोटाने दाखवायच्या.

त्या काळी इथल्या सरकारी कारखान्यांच्या स्वतःच्या टीम असत. अण्णांना नोकरी लागली ती त्यांच्या उंचीमुळे आणि कपाळामुळे. अर्धा दिवस मशीनवर, अर्धा दिवस मैदानावर. तेव्हाचा बॉल चामड्याचा, वर नाडी बांधलेला. पावसात लीगचे सामने चालायचे आणि बॉल पाणी पिऊन जड व्हायचा. असा बॉल उंचावरून येताना बाकीचे मान वळवायचे आणि अण्णा त्याच्याखाली जाऊन उभे राहायचे. सरावासाठी कारखान्याच्या मैदानात एका झाडाच्या फांदीला दोरीने बॉल टांगलेला होता. तो डोक्याने मारायचा, परत आला की परत मारायचा, शिट्टी वाजेपर्यंत. घरी यायचे तेव्हा कपाळावर नाडीचा वळ असायचा. अक्का मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायला बसायच्या. "दुखतंय का?" म्हटलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं: "मला कुठं? बॉलला दुखत असेल."

खूप वर्षांनी डॉक्टरांनी विचारलं, यांच्या डोक्याला कधी मार लागला होता का? अण्णा शेजारच्या खुर्चीत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते. अक्कांना हसू फुटलं. "मार? डॉक्टर, पगारच त्याचा होता." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी निदान सांगितलं, विसरण्याच्या आजाराचं ते लांबलचक नाव. हे त्या खेळामुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, पण असूही शकतं, असं म्हणाले. तेव्हापासून माझा त्या बॉलवर राग आहे. ऑफिसात मोठ्या पडद्यावर मॅच लावतात, कुणीतरी उंच उडी मारून डोक्याने बॉल लावतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी तेवढ्यात कॉफी आणायला जाते.

गुडघा गेला आणि खेळ सुटला, तेव्हा अण्णा चाळिशीच्या आसपास होते. त्याच सुमारास त्यांच्या टीममधला एक तमिळ खेळाडू कारखान्याच्या क्वार्टरमध्ये अचानक गेला. नातेवाईक दूर, शेजाऱ्यांशी ओळख नाही, खांदा द्यायला कुणी नाही. टीमच्या बचाव फळीतले चौघे, अण्णा धरून, धावले आणि त्याला स्मशानात पोचवून आले. त्यात सलीमभाईही होते. ते अण्णांच्या उजव्या हाताला खेळायचे. मग कुणीतरी अण्णांना दुसऱ्या एका घरी बोलावलं, मग तिसऱ्या. आमच्या मंडळात, म्हणजे या भागातल्या जुन्या मराठी घरांच्या मंडळात, कुणी गेलं की पहिला निरोप अण्णांना, असं होऊन गेलं. मराठीच कशाला, त्या गल्लीत कुठल्याही जातीचं, कुठल्याही भाषेचं माणूस गेलं तरी अण्णा खांद्यावर पंचा टाकून निघायचे. बांबू आणायचे, तिरडी बांधायची, घरच्यांना बसवून पाणी पाजायचं. ज्यांना रडूही सुचत नाही अशांच्या शेजारी नुसतं उभं राहायचं.

कुठला खांदेकरी कुठं उभा राहील हे तेच ठरवत. जिना उतरताना उंच माणसं पुढं, म्हणजे खालच्या पायरीवर, आणि ठेंगणी मागं. सपाटीवर आलं की जोड्या बदलायच्या. "जाणाऱ्याला धक्का लागायचा नाही," एवढा एकच नियम. मैदानात फ्री किकच्या वेळी ते अशीच माणसं हाताला धरून उभी करायचे, असं सलीमभाई सांगतात.

या कामाबरोबर अण्णांनी स्वतःला एक बंधन घालून घेतलं. आजारी माणसाला ते भेटायला जात नसत. त्याचं असं झालं की एकदा ते एका मित्राला बघायला इस्पितळात गेले. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गल्लीतलेच होते. त्यांनी अण्णांना दारात बघितलं आणि हात जोडून विचारलं, "माझ्यासाठी आला का हो?" अण्णा तिथूनच परतले. त्यानंतर कुणाच्या आजारपणात ते फळं पाठवायचे, औषधं आणून खाली ठेवायचे, अक्कांना पाठवायचे, पण स्वतः खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. फार जवळचं कुणी असलं तर उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आजाऱ्याच्या नजरेला पडणार नाही असे. लोकांनाही ते पटलं होतं. गल्लीत थट्टा चालायची की अण्णा रस्ता ओलांडून आले तर साधा खोकलासुद्धा लपवावा.

मग विसरणं आलं. आधी किल्ल्या, मग नावं, मग बसचे नंबर. पण ज्या दिवशी ते घरापलीकडे गेलं तो दिवस गल्लीच्या लक्षात राहिला. अण्णा एका सकाळी पंचा खांद्यावर टाकून एका घराच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "वेळ काय ठरली?" त्या घरचे आजोबा जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आत होत्या त्या आजीबाई, ठणठणीत, डोसे घालत होत्या. त्यांनी अण्णांना बघितलं आणि आधी उलथणं खाली ठेवून स्वतःचीच नाडी धरली. संध्याकाळी त्यांनी देवळात अभिषेक करवला. हे ऐकून मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांनाही हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंडळाचे दोन जण येऊन अण्णांना आता बोलावणार नाही असं हळू आवाजात सांगून गेले, आणि अक्का चहाचे कप उचलायला उठल्याच नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का आजारी पडल्या. पोटात गाठ होती आणि उशिरा कळली. इस्पितळातून त्यांनी स्वतःच घरी आणायला लावलं. मी मारतहळ्ळीच्या ऑफिसातून घरून काम करायची परवानगी घेतली आणि शिवाजीनगरला येऊन राहिले. अक्कांच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून मी मीटिंगा करायची. त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं. गल्लीत टँकर शिरत नसे. तो तोंडाशी उभा राहायचा आणि बायका घागरी घेऊन धावायच्या. विनय ऑफिसातून आला की बादल्या भरून जिन्याने वर आणायचा. अक्का पडल्या पडल्या त्या बादल्यांचा आवाज ऐकायच्या आणि "सरी, आता पुरे, कंबर मोडेल रे," म्हणायच्या.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते.

"शुभा, मला यांनीच न्यायचं."

"अक्का, काहीतरीच काय!"

"अय्यो, ऐक तर. सगळ्या गल्लीला पोचवलं यांनी. मला पण पोचवतील, त्याचं नाही. पण मी कोण, ते कळून न्यायला पाहिजे. एवढंच मला पाहिजे. नाहीतर मग काय, गल्लीतल्याच कुणाला तरी नेलं."

त्या दिवसापासून घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं, अण्णा अक्कांना ओळखतात का. आणि ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण अण्णा त्यांच्या खोलीत जात नव्हते. नाव विसरले, रस्ता विसरले, जेवलोय की नाही ते विसरले, पण ते बंधन मात्र जसंच्या तसं राहिलं होतं. घरात कुणीतरी बाई आजारी आहे एवढं त्यांना कळायचं. दिवसातून कितीदा तरी ते त्या दाराशी यायचे आणि चौकटीच्या बाहेर, पलंगावरून दिसणार नाही अशा जागी, भिंतीला टेकून उभे राहायचे. मी हाताला धरून आत न्यायला बघितलं तर हात सोडवून घ्यायचे. "नको मा," मला म्हणायचे, "बाई घाबरतील. मी आत गेलो की लोक घाबरतात."

मी चिडायची. विनयवर चिडायची, डॉक्टरांवर चिडायची, त्या मैदानातल्या झाडावर टांगलेल्या बॉलवर चिडायची. ज्या माणसाने आयुष्यभर परक्यांच्या दुःखात मान खाली घालून पाणी वाटलं, त्याला त्याच्याच घरात असं उंबऱ्याबाहेर उभं करायचं, यात कुठला न्याय? अक्का माझ्याहून शहाण्या होत्या. त्यांना पलंगावरून अण्णा दिसत नसत, पण त्यांची सावली दाराजवळच्या फरशीवर पडायची. दुपारी सावली आली की त्या माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. "बघ, आले," म्हणायच्या. "आपल्याला घाबरवायचं नाही म्हणून बाहेर उभं राहतात. ओळख असेल, नसेल, पण जीव आहे की."

असं म्हणायच्या, पण संध्याकाळी त्यांना ते पुरत नसे. मग त्या हाका मारायच्या. "अहो, आत या ना." मग पुन्हा, "अहो, मी आहे." बाहेर पावलं वाजायची, आणि ती दूर जायची.

आता बाल्कनीत ऊन पायाशी आलं की अण्णा खुर्ची मागे घेतात. सरकवत सरकवत भिंतीला टेकतात. मी त्यांच्या पायावर टॉवेल टाकते. त्यांचे पाय अजून खेळाडूचेच आहेत, पोटऱ्या दगडासारख्या. खाली पोरं क्रिकेट खेळतात. इकडे फुटबॉल कुणी खेळत नाही. अण्णांना त्याचं काही नाही. ते चेंडूकडे बघतच नाहीत, पोरांकडे बघतात. शरीराने एवढं सगळं धरून ठेवलंय आणि एक माणूस नेमका सांडला, हे मला आजही समजत नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी गारा पडल्या. सकाळपासून उकडत होतं, वीज गेली होती, सलीमभाईंचं मशीन बंद होतं, आणि अचानक पत्र्यांवर ताशे वाजायला लागले. मी गच्चीवरचे कपडे काढायला धावले. अक्कांच्या उशाशी खिडकी उघडी होती. मी ओल्या कपड्यांचा बोळा घेऊन खाली आले तर खिडकी लावलेली होती आणि अण्णा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. पाऊस आत येतोय हे बघून ते बंधन विसरले असावेत. मी दारातच थांबले.

अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मी कोण?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी त्यांच्या पांघरुणावरच्या दोन गारा उचलून बाजूला ठेवल्या. मग जरा पुढे वाकून, धीर देताना बोलतात तशा आवाजात म्हणाले, "तुम्ही बऱ्या होणार. घाबरू नका हां. मी सहज आलोय. तसा नाही आलो."

अक्कांना हसू आलं. त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं. तोवर अण्णा उठून बाहेर गेले होते. पाणी प्यायल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांचा खांदा हलत होता. मी ते हसणंच समजायचं ठरवलं आणि कपडे वाळत घालायला निघून गेले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी काढला तेव्हा म्हणाल्या, "बिडु, सोड. अजून दिवस आहेत की. कधीतरी वळून बघतील." आणि तशी आशा त्यांनी शेवटपर्यंत धरली. मला हे लिहितानाही राग येतोय. अशी आशा माणसाला कशाला लागते?

त्या गेल्या तेव्हा नुकतं उजाडलं होतं. विनय जवळ होता, मी होते. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर उलटा धरून बसले होते. विनयचा हुंदका ऐकून त्यांनी पेपर घडी करून ठेवला, खुंटीवरचा पंचा घेतला आणि खोलीत आले. दाराशी ते थांबले नाहीत. आता आत यायला त्यांना काहीच अडचण नव्हती.

"वेळ काय ठरली?" त्यांनी मला विचारलं. मग अक्कांच्या पायांचे अंगठे जुळवून बांधले, मान सरळ केली, तोंडावर आलेली केसांची बट मागे सारली. "बाई कुणाकडच्या?"

"आपल्याच, अण्णा."

"सरी," ते म्हणाले, आणि बांबूचं बघायला खाली गेले.

अक्का अहेव गेल्या, म्हणून गल्लीतल्या बायकांनी त्यांना हिरवी साडी नेसवली, हातभर बांगड्या भरल्या, मोगऱ्याचा गजरा माळला आणि कपाळ भरून कुंकू लावलं. खाली मंडळाची माणसं जमली. शववाहिनी गल्लीत शिरण्यासारखी नव्हती, ती तोंडाशी उभी होती. अण्णा तिरडीच्या गाठी बांधत होते आणि बाकीचे त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. विनयने मला बाजूला घेतलं.

"अण्णांना खांदा द्यायला लावायचा नाही. जिन्यात पडले तर? आणि त्यांना कळतच नाहीये ग कोण आहे ते. कशाला हा तमाशा?"

"अक्कांची इच्छा होती."

"तिची इच्छा काय होती ते तुलाही माहीत आहे."

त्यांची इच्छा अर्धीच पुरी होण्यासारखी होती आणि अशी अर्धी इच्छा पुरी करावी की नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. सलीमभाई दुकानाच्या पायरीवरून उठून आमच्याजवळ आले. "विनय, उनको नक्को रोको," ते म्हणाले. "गिरेंगे नै. मैं पीछे हूँ ना."

तोवर अण्णांनी तिरडी वर नेऊन माणसं लावायला सुरुवात केली होती. उंच माणसं पुढं, ठेंगणी मागं. एका तरुणाला त्यांनी हाताला धरून डावीकडून उजवीकडे आणलं, मग त्याला काढून तिथं स्वतः उभे राहिले. विनय मडकं घेऊन पुढे झाला. मी वरच्या पायरीवर उभी होते. वळणावर, जिथं फ्रिज अडकला होता, तिथं अण्णा गुडघ्यात वाकले, तो गेलेला गुडघा, आणि डोक्यावरून हात उंच करून त्यांनी आपली बाजू उचलून धरली. मागून सलीमभाईंचा एक हात त्यांच्या कमरेशी होता. अक्का आडव्याच्या आडव्या, जराही न कलता, खाली गेल्या. गल्लीत सगळे बाजूला झाले. अण्णा ताठ मानेने चालत होते आणि त्यांचं लक्ष फक्त पायाखालच्या रस्त्याकडे होतं.

दुपारी सगळे परत आले. अंत्यविधीहून आल्यावर अण्णांची एक सवय होती, अक्कांनी मला ती कधीतरी सांगितली होती. ते खालून हाक मारायचे, अक्का मोरीत कढत पाणी काढून ठेवायच्या, आणि अंघोळ झाल्यावर अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, कॉफीचा पेला हातात घेऊन, झालं कसं ते त्यांना सांगायचे. कोण रडलं, कोण भांडलं, कुठे काय चुकलं. त्या दिवशी पाणी मी काढलं. अण्णा केस पुसत येऊन उंबऱ्यावर बसले. मी कॉफी दिली. विनय ओल्या अंगाने खिडकीशी उभा होता.

"जिना अवघड होता," अण्णा म्हणाले. "पण एकदा पण टेकायला लागलं नाही. मुलगा चांगला आहे हो त्या बाईंचा. हात थरथरत होते, पण मडकं सोडलं नाही."

विनयने मान वळवली नाही.

"एक मात्र मला आवडलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. त्यांना खरंच राग आला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणावर रागावलेलं पाहिलं नव्हतं. "हिरवी साडी होती. कपाळभर कुंकू होतं. म्हणजे नवरा आहे. सगळी गल्ली आली, नवरा कुठं दिसला नाही. कसला माणूस म्हणायचा हा?"

मी म्हटलं, "आले होते, अण्णा. खांदा दिला त्यांनी."

"आणि रडला नाही?"

मी विनयकडे बघितलं.

"त्यांना अजून कळलेलं नाही," मी म्हटलं.

अण्णांचा राग एकदम उतरला. त्यांच्या चेहऱ्यावर तेच दुःख आलं जे परक्या घरी जाताना यायचं. "अय्यो पाप, बिचारा," ते म्हणाले. "मग सांगायला नको का कुणीतरी त्याला?"

आणि ते आमच्याकडे बघत बसले, दोघांपैकी कोण उठतंय म्हणून.